नाकावर कोब्रा, पोटात हेराल्ड

कागदावर ती स्टँडर्ड हेराल्ड आहे. मद्रासला बनलेली, पेट्रोलवर चालणारी, ९४८ सीसीची बंद सलून. प्रत्यक्षात समोर उभी असते ती फायबरच्या अंगाची, टप नसलेली, दोन सीटांची कोब्रा: लांबलचक बॉनेट, पुढे मोठं लंबगोल तोंड, फुगलेले मडगार्ड, बाजूने काढलेला सायलेन्सरचा पाइप आणि नाकावर फणा काढलेल्या नागाचा गोल बिल्ला. १९६५ पासूनच्या मोठ्या कोब्रात सात लिटरचं व्ही-एट इंजिन असायचं. हिच्या पोटात एक लिटरही भरत नाही.

मालक डोंबिवलीचा. त्याच्या सोसायटीत एका फ्लॅटला एकच पार्किंग, म्हणून गाडी मामाकडे, म्हणजे नानांकडे आली. शहापूर-सरळगाव रस्त्यावर किन्हवलीच्या अलीकडे नानांची पत्र्याची शेड आहे. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत मुंबई-ठाण्याच्या लोकांनी प्लॉट घेतले, बंगले बांधले आणि शहरात ज्याला जागा उरली नाही ते सगळं इथे आणून ठेवलं: आजोबांचे पलंग, म्हातारे कुत्रे आणि हल्ली गाड्या. गाड्यांची इथे सोयही चांगली होते. नाशिक हायवेवर ट्रक बंद पडतात, कसाऱ्याचा घाट उतरताना ब्रेक तापतात, मुरबाडला एमआयडीसी आहे. त्यामुळे वेल्डर, लेथवाला, पाटे भरणारा, रेडिएटर झाळणारा असे सगळे कारागीर फार लांब न जाता सापडतात.

नाना एसटीच्या शहापूर आगारातून मेकॅनिक म्हणून निवृत्त झाले. त्यांच्याकडे दर रविवारी येतात ते वकीलसाहेब. मुरबाडच्या कोर्टात प्रॅक्टिस, आणि घरी १९६७ ची फियाट अकराशे, वडिलांच्या वेळची, मूळ रंगातली. फियाटचं काम नानाच करतात, तरीही कोब्राच्या बाबतीत दोघांचं एक मिनिट पटत नाही. मी तिथे चहा पिणारा तिसरा. मला कोणी मत विचारत नाही, म्हणून इथे मधूनमधून घुसवतो.

सुरुवात बहुतेक वेळा बिल्ल्यावरून होते.

"नाना, ही गाडी खोटं बोलते," वकीलसाहेब म्हणाले. "बाकी सगळं सोडा. हा नाग आधी काढा."

"नागाने तुमचं काय घोडं मारलं?"

"तो सांगतो की मी कोब्रा आहे. अस्सल कोब्रा जगात सगळ्या मिळून हजाराच्या आसपास बनल्या. तुमच्या भाच्याने तिची किंमत मोजलेली नाही, ती शर्यतीत पळवलेली नाही, आणि मिरवतोय मात्र तिचं नाव. ही फुकटची पाटीलकी झाली."

"आणि ती अस्सल कोब्रा कुठल्या खाणीत सापडली होती?"

इथे मला तोंड घालावं लागलं, कारण कोब्राची जन्मकथा नानांच्या बाजूने जाते. कॅरोल शेल्बी हा टेक्सासचा शर्यतपटू. १९५९ मध्ये त्याने अ‍ॅस्टन मार्टिनमधून ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली, पण हृदयाच्या दुखण्यामुळे पुढे त्याला शर्यती सोडाव्या लागल्या. मग त्याने स्वतःची गाडी काढायचं ठरवलं. कारखाना नव्हता, डिझाइन नव्हतं. लंडनजवळच्या टेम्स डिटन गावात एसी नावाची छोटी कंपनी 'एस' ही गाडी बनवत होती. शेल्बीने तिचं अंग मागवलं, त्यात फोर्डचं व्ही-एट बसवलं, आणि १९६२ मध्ये कोब्रा उभी राहिली. त्या 'एस'चा आराखडा मुळात जॉन टोजेरो या माणसाच्या शर्यतीच्या गाडीवरून आलेला, आणि टोजेरोच्या गाडीचा तोंडवळा फेरारीच्या १६६ बार्केटावरून उचललेला. ते साम्य कोणाच्याही नजरेला पडावं इतकं उघड आहे.

नानांनी हे सगळं पान्यावरचं ग्रीस पुसत ऐकलं.

"म्हणजे अंग इंग्रजाचं, काळीज अमेरिकनाचं आणि तोंड इटालियनाचं. आणि हेराल्ड तेवढी खोटी?"

"फरक आहे. शेल्बीने एसीकडून अंग विकत घेतलं, फोर्डकडून इंजिन विकत घेतलं. दोघांच्या संमतीने. तुमच्या गाडीला कोणाची संमती आहे?"

"वकीलसाहेब, मी चाळीस वर्षं लाल गाडीखाली काढली. टाटाची नाहीतर लेलँडची नुसती चासी यायची. तुम्ही लहानपणी हायवेला बघितली असेल. काच नाही, दार नाही, ड्रायव्हर तोंडाला फडकं बांधून उघड्यावर बसलेला. ती दापोडीला जायची, आमचे लोक तिच्यावर बॉडी बांधायचे, आणि बाहेर पडायची ती एसटी. तिला कोणी टाटाची नक्कल म्हटलं का? या देशात चासी एकाची आणि अंग दुसऱ्याचं, हे काही नवीन नाही."

या युक्तिवादात दम आहे. महामंडळाच्या दापोडी, चिकलठाणा आणि नागपूरजवळच्या हिंगणा इथल्या कार्यशाळांनी कित्येक वर्षं नुसत्या चासीवर बॉडी बांधल्या. महाराष्ट्रातल्या तीन पिढ्या ज्या गाडीतून लग्नाला, परीक्षेला आणि पंढरपूरला गेल्या, तिचा चेहरा कुठल्याही मोटार कंपनीने घडवलेला नव्हता. पण वकीलसाहेब कोर्टातले. त्यांनी नेमकं भोक शोधलं.

"एसटीची बॉडी कशी असावी याचे नियम आहेत, तिची तपासणी होते, आणि जे बांधलंय तेच आरसीवर लिहिलेलं असतं. तुमच्या आरसीवर सलून, आणि शेडमध्ये ही नटवी. महामंडळाने कधी मुरबाड-कल्याण गाडीवर रोल्स रॉइसचा बिल्ला लावला?"

नाना हसले. "लावला असता तर भाडं वाढवता आलं असतं."

मग गाडी संमतीच्या मुद्द्यावर अडली, आणि हा मुद्दा दिसतो तितका सरळ नाही. वकीलसाहेबांची फियाट घ्या. ती कुर्ल्यात बनली, वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये, इटलीच्या फियाटच्या परवान्याने. तीच पुढे प्रीमियर पद्मिनी झाली आणि मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून २००० च्या सुमारापर्यंत बनत राहिली. इटलीत ते मॉडेल कधीच बंद झालं होतं. कोणी तिला नक्कल म्हणत नाही, कारण परवाना होता. महिंद्रांची जीपही तशीच. १९४७ मध्ये मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात झाली, आणि त्याच वंशातल्या जीपनी पुढे मुरबाडहून टोकावड्याला आणि शहापूरहून डोळखांबला माणसं कोंबून नेली. पण परवान्याचंही वय होतं. महिंद्रांनी अमेरिकेत रॉक्सर नावाची शेतावर चालवायची गाडी काढली, तेव्हा जीपच्या तेव्हाच्या मालकांनी २०१८ मध्ये तक्रार केली की हिचा तोंडवळा आमच्या जीपचा आहे. २०२० मध्ये तिथल्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाने ती मानली आणि महिंद्रांना रॉक्सरचं तोंड बदलावं लागलं. सत्तर वर्षं ज्या चेहऱ्याची गाडी रीतसर बनवली, तोच चेहरा एके दिवशी नक्कल ठरला.

हे मी सांगितलं तेव्हा वकीलसाहेब म्हणाले, "बरोबर आहे. करार जिथे संपतो तिथे हक्क संपतो." त्यांना त्यात काही विचित्र वाटलं नाही. नानांना वाटलं.

"मग आपल्याकडे असल्या गाड्या मिळणार तरी कशा?" नानांनी विचारलं. "भाचा म्हणतो, बाहेरून आणायची म्हटलं तर सरकार आणू देत नव्हतं."

हेही खरंच होतं. कित्येक वर्षं नियम असा होता की १ जानेवारी १९५० पूर्वी बनलेली जुनी मोटार 'व्हिंटेज' म्हणून आणता येई, आणि त्यानंतरची वापरलेली मोटार तीन वर्षांहून जुनी असेल तर देशात येऊच शकत नसे. म्हणजे १९५० आणि १९६० च्या दशकांतल्या सगळ्या देखण्या स्पोर्ट्स कार नेमक्या मधल्या खड्ड्यात. आधीच भारतात आलेल्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, त्या जुन्या श्रीमंत घरांत. बाकीच्यांनी एकतर चित्रं बघायची, नाहीतर स्वतः बनवायची.

काहींनी बनवल्या. अलिबागजवळ चिंकारा मोटर्सने या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत लोटस सेव्हनच्या धर्तीची एक रोडस्टर काढली. लोखंडी नळ्यांची चौकट, त्यावर हलकं अंग, आणि आत इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन, म्हणजे आपल्या नंतरच्या अँबॅसेडरमध्ये असायचं त्याच जातीचं. काढणारे गीदो बोथे आणि शमा बोथे हे दांपत्य आधी बोटी बनवणारं, त्यामुळे फायबर त्यांच्या हातातलं. त्याआधी, १९९० च्या दशकाच्या अखेरीस, गोव्यात सॅन मोटर्सने सॅन स्टॉर्म काढली होती: रेनोचं ११४९ सीसीचं इंजिन, फायबरची बॉडी, उघडा टप. ती कोणाची नक्कल नव्हती, स्वतःच्या नावाने आली, आणि रस्त्यांवर फारशी दिसली नाही. मला यात एक गोष्ट बोचते. आपल्याकडचा हौशी माणूस सॅन स्टॉर्मकडे बघत नाही, पण कोब्राच्या बिल्ल्यासाठी जीव टाकतो. वकीलसाहेबांचा राग मला तिथे कळतो.

लोटस सेव्हनची गोष्ट मात्र दोघांनाही आवडली. कॉलिन चॅपमन या इंग्रज इंजिनिअरने ती १९५७ मध्ये काढली. त्या वेळी ब्रिटनमध्ये कारखान्यातून पुरी होऊन निघालेल्या मोटारीवर खरेदी कर होता. सुटे भाग घेऊन घरी जोडली तर नव्हता. म्हणून सेव्हन खोक्यांतून विकली जाई आणि बँकेतले कारकून, शाळामास्तर आपल्या गॅरेजमध्ये ती जोडत. किस्सा असा सांगतात की सुट्या भागांसोबत जोडणीच्या सूचना द्यायला बंदी होती, तेव्हा चॅपमनने गाडी सुटी करण्याच्या सूचना दिल्या. गिऱ्हाइकाने त्या शेवटून पहिल्यापर्यंत वाचायच्या. १९७३ मध्ये कराची पद्धत बदलली, ही पळवाट बुजली, आणि त्याच वर्षी चॅपमनने सेव्हनचे हक्क केटरहॅम या विक्रेत्याला दिले. ती गाडी आजही केटरहॅमच्या नावाने बनते.

"बघा," नाना म्हणाले, "सरकारने कर लावला म्हणून लोक पाना धरायला शिकले."

"आणि आपल्या सरकारने कलम ५२ लावलंय, तरी तुमचा भाचा काही शिकला नाही."

कलम ५२ हे वकीलसाहेबांचं हुकमाचं पान. मोटार वाहन कायदा, १९८८. निर्मात्याने जे मूळ वर्णन दिलं, त्याच्याशी आरसीवरचा तपशील विसंगत होईल असा बदल मालकाने गाडीत करू नये. इंधन बदलण्यासारखे काही अपवाद आहेत, तेही परवानगीने. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधून आलेल्या एका प्रकरणात हे कलम पक्कं केलं. रंग आणि किरकोळ फिटिंग सोडा, पण गाडीचं मूळ रूप बदलता येणार नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत शिक्षाही आली: सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही.

नाना बोटांवर मोजू लागले. "बॉडी एक. दारं दोन. मागची सीट नाही, ती तीन. टप नाही, चार. रंग..."

"रंग धरू नका. त्याची नोंद करून घेता येते."

"मग बरंच स्वस्तात सुटलं."

"स्वस्तात? उद्या विमा कंपनीने हात वर केले म्हणजे? हायवेला कोणाला लागलं म्हणजे? नाना, मी हसण्यावारी नेत नाहीये."

नानाही मग गंभीर झाले. गाडी रस्त्यावर नेत नाही, शेडपासून मागच्या आंब्याच्या बागेपर्यंत आणि परत, एवढीच फिरवतो, असं म्हणाले. वकीलसाहेबांनी ते मान्य केलं, पण मनापासून नाही.

दोन हजार एकवीसच्या नियमांनी वकीलसाहेबांची बाजू आणखी भक्कम केलीय. त्या जुलैत केंद्राने पन्नास वर्षांहून जुन्या खासगी गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली. नंबरात 'व्हीए' ही अक्षरं, फी २०,००० रुपये, नोंदणी दहा वर्षांची. अट एकच पण कडक: चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार नको, गाडी मूळ रूपात हवी. वकीलसाहेबांच्या फियाटला तो नंबर मिळाला, त्याचे पेढे मी खाल्लेत. पण त्याच नियमात असंही आहे की अशी गाडी रोजच्या वापरासाठी नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल, बस्स. नानांनी तेवढंच लक्षात ठेवलंय.

"तुमच्या अस्सल गाडीला दर्शनाची वेळ आहे. आमची नकली कधीही बघा, बसा, बॉनेट उघडा. तुमची लेक तरी फियाट चालवते का?"

"तिला भीती वाटते. काही मोडलं तर मी बोलेन म्हणून."

"मग ती गाडी तिची नाही. तुमचीही नाही. तुम्ही तिचे राखणदार."

वकीलसाहेब थोडा वेळ गप्प बसले. मग त्यांनी जे सांगितलं ते मला त्या दिवसाच्या सगळ्या बोलण्यात सगळ्यात वजनदार वाटलं.

"राखणदार तर राखणदार. नाना, त्या फियाटच्या पत्र्याला आतून हात लावलाय तुम्ही. काही ठिकाणी जोड सरळ नाही, कुठे शिशाचं पुट जाड आहे. कुर्ल्यातल्या कोण्या कामगाराच्या हाताची ती खूण. हे राज्य मोटारी बनवायला कसं शिकलं याचा तो पुरावा आहे, आणि मी तो पुसू देणार नाही. आता तुमची गाडी. हेराल्डही इथलीच होती. मद्रासच्या कारखान्यात १९६१ पासून बनली. मध्यमवर्गातल्या डॉक्टर-प्राध्यापकांची गाडी. आता कितीशा उरल्यात? त्यातली एक कापून, तिचं अंग भंगारात घालून, तुमच्या गाडीच्या आधीच्या कोण्या मालकाने अमेरिकन नाटक बसवलं. एक खरी देशी गाडी मारली आणि तिच्या हाडांवर परदेशी सोंग चढवलं. याला छंद म्हणू?"

नानांकडे उत्तर नव्हतं. "अंग सडलं असेल," एवढंच म्हणाले. असेलही. समुद्राजवळची गाडी असली तर पत्रा आधी जातो. पण सडलेला पत्रा नाना स्वतः बदलतात, हे त्यांनाही ठाऊक आणि वकीलसाहेबांनाही. इथे मी पुरता वकीलसाहेबांच्या बाजूचा आहे. अलिबागची रोडस्टर नव्या नळ्यांवर उभी राहिली, तिच्यासाठी कोणी जीव दिला नाही. जुनी, दुर्मीळ, चालू होऊ शकणारी गाडी फोडून दुसरीचा मुखवटा करणं ही वेगळी गोष्ट, मग मुखवटा कितीही सुबक असो.

आणि तरीही, नाना हातात टॉर्च घेऊन त्या गाडीत वाकतात तेव्हा मला ती सोडवत नाही.

त्या आधीच्या मालकाने हेराल्डच का निवडली, हे पहिल्यांदा नानांनीच मला समजावलं. फियाटला वेगळी चासी नाही, तिचा पत्राच तिचा सांगाडा. अंग काढलं तर गाडीच उरत नाही. हेराल्डला वेगळी चासी आहे आणि अंग तुकड्यांचं, बोल्टांनी जोडलेलं. बोल्ट सोडले की खाली चालती फिरती चौकट उरते, इंजिन-गिअरबॉक्स-स्टिअरिंगसकट. ब्रिटनमध्ये ट्रायम्फने याच चौकटीच्या धाटणीवर स्पिटफायर ही स्पोर्ट्स कार काढली, आणि हौशी लोकांनी कित्येक फायबरच्या गाड्या हेराल्डवर उभ्या केल्या. मद्रासची कंपनी १९८८ च्या सुमारास बंद पडली, पण स्पिटफायरच्या भक्तांमुळे काही भाग अजून विलायतेत नवे मिळतात. बाकीच्यांसाठी कुर्ल्याचा सीएसटी रोड आणि लेथवाला.

"माझा पहिला महिना वायरिंगमध्ये गेला," नाना सांगत होते. "उजवा इंडिकेटर दिला की हॉर्न पुटपुटायचा. ब्रेक दाबला की पार्किंग लाइट मिणमिणायचे. मला वाटलं भूतबाधा."

"आणि?"

"अर्थिंग! एसटीत, तुमच्या फियाटमध्ये, अख्खा पत्रा म्हणजे अर्थ. बल्बला एक वायर दिली की झालं, परतीचा करंट पत्र्यातून जातो. फायबरमधून कुठून जाईल? मग करंट वाट शोधत दुसऱ्या बल्बातून, हॉर्नमधून परत येतो. प्रत्येक दिव्याला वेगळी अर्थची वायर ओढून चासीला आणली तेव्हा कुठे भूत उतरलं. अजून एक राहिलंय कुठंतरी."

पावसाळ्यात तर फायबरचा वेगळाच त्रास. चासी वळते आणि फायबर वळत नाही, म्हणून बोल्टांभोवती चांदणीसारख्या चिरा पडतात. त्या घासून मॅट आणि रेझिन भरायचं. पण इकडच्या जुलैत हवाच ओली. रेझिनचा वरचा थर चिकटच राहतो, हार्डनर वाढवलं तर तापून तडकतो. नानांनी शेडमध्ये विटांवर हॅलोजनचे दिवे लावून तुकडे वाळवले. एसटीत हे काम नव्हतं. साठीनंतर शिकले, कसारा हायवेवर पाण्याच्या टाक्या आणि दुकानांच्या पाट्या बनवणाऱ्या एका पोराकडून. तो पोरगा आता रविवारी येतो आणि नानांकडून कार्बोरेटर शिकतो. हेराल्डचं अख्खं नाकच पुढे उलटतं. इंजिनच्या दोन्ही बाजूंना टायरवर बसून काम करता येतं. नव्या कोब्राच्या अंगातही कोणी तरी ती सोय शाबूत ठेवली, त्या अज्ञात माणसाला नाना मानतात. पॉइंट घासायचे, टायमिंग कानाने लावायचं, मिश्रण कमी-जास्त करत इंजिनचा आवाज बसवायचा. आजच्या गाडीचं बॉनेट उघडलं तर प्लॅस्टिकचं झाकण दिसतं आणि लॅपटॉप मागतं.

"हे सगळं तुम्ही माझ्या फियाटवरही करता की," वकीलसाहेब म्हणाले.

"करतो. पण तिथे तुम्ही मागे उभे असता. 'नाना, तो स्क्रू मूळचा आहे.' इथे मी चुकलो तर चुकलो. पुन्हा करतो. या पोराच्या हातात मी तुमच्या फियाटचा कार्बोरेटर देईन का?"

"मी देऊ देणार नाही."

"तेच म्हणतोय."

मला सांगलीकडच्या देवराष्ट्रे गावातल्या कारागिराची आठवण झाली. भंगारातले भाग आणि दुचाकीचं इंजिन वापरून त्याने साठेक हजारांत एक बुटकी जीप बनवली, किक मारून सुरू होणारी. २०२१ च्या डिसेंबरात तिचा व्हिडिओ गाजला. आनंद महिंद्रांनी सांगून टाकलं की ही गाडी नियमांत बसत नाही, आज ना उद्या अडवली जाईल; बदल्यात बोलेरो घ्या आणि ही आम्हाला द्या. जानेवारीत तशी बोलेरो दिली गेलीही. पोटापाण्याच्या दृष्टीने सौदा उत्तमच. पण ती जीप त्याने कोणाचा बिल्ला लावून बनवली नव्हती, कोणाची गाडी फोडून बनवली नव्हती. पोराच्या हट्टासाठी बनवली होती. नक्कल म्हणायची तर तीही जीपचीच नक्कल, पण तिला खोटी म्हणायला वकीलसाहेबही तयार झाले नाहीत.

"तिच्यावर नाग नव्हता," ते म्हणाले.

नानांनी उत्तर दिलं नाही. त्यांनी डॅशबोर्डखालून पेचकस काढला, पुढे जाऊन बिल्ल्याचे दोन स्क्रू काढले आणि बिल्ला वकीलसाहेबांच्या हातात दिला. "भाचा विचारेल तर तुमचं नाव सांगेन."

वकीलसाहेब जरा गांगरले. आपलं म्हणणं इतक्या पटकन मान्य होण्याची कोर्टात सवय नसावी. बिल्ला उलटसुलट करून म्हणाले, "आता नाव काय लावणार?"

"आरसीवर आहे ते. स्टँडर्ड."

"बरं. आता मला एक सांगा. माझ्या नातवाला हिच्यात बसवून माळशेजला न्याल?"

हा प्रश्न नानांना अनपेक्षित होता, पण उत्तर लगेच आलं. "नाही."

"का?"

"हिचं मागचं काम तुम्हाला माहीत नाही. एकच आडवा पाटा, आणि दोन्ही चाकांचे दांडे मधल्या डिफरन्शियलला झुलते. जुनं अंग जड होतं, ते चाकांना दाबून धरायचं. फायबर हलकं, म्हणून मागचा भाग वर उचलला गेलाय आणि चाकं खालून आत वळलीत. वळणावर वेगात असताना एकदम पाय काढला तर बाहेरचं चाक पोटाखाली दुमडतं आणि गाडी फेकली जाते. घाटात तर नकोच."

"म्हणजे हे तुम्हाला आधीपासून माहीत होतं आणि तरी तुम्ही..."

"म्हणून तर बागेत फिरवतो, आणि तीही दुसऱ्या गिअरमध्ये. पाटेवाल्याला सांगितलंय, दोन पानं काढून कमान कमी करून दे म्हणून. ती बसली, चाकं सरळ उभी राहिली की मग बघू. दिवाळीनंतर."

"आणि कलम ५२?"

"ते तुमच्याकडे. पाटा मी बघतो, कागद तुम्ही बघा."

वकीलसाहेबांनी वही काढली. आरसीवरचा चासी नंबर आणि चौकटीवर ठोकलेला नंबर एकच आहे का, हे आधी बघू म्हणाले, आणि पँट सांभाळत गाडीखाली वाकले. नानांनी त्यांच्या हातात टॉर्च दिला आणि सांगितलं, "खाली आहातच, तर ती सुटलेली अर्थची वायर दिसते का बघा. काळी. डाव्या बाजूला."